शून्यापासून मोजताना

केयोनच्या धक्क्यावर मेलिंकाच्या बोटीची यादी
माझ्या हातात असते.
चाळीस नावं, पहिल्याचा क्रमांक शून्य.
हे कोळ्यांना समजावणं मी सोडून दिलंय.

बुधवारी वारा फिरला, नऊ जणांनी बेत मोडला.
चार ओळींचा फेरा लिहिला मी:
शून्यापासून चाल, रद्द दिसला की काढ, पुढे हो.
कॉफी गार व्हायच्या आत काम झालं.

गुरुवारी सकाळी रोसामेल कार्कामोचा फोन.
"आम्ही दोघांनी रद्द केलं होतं, यास्ना.
आणि रेडिओवर आत्ता हिचं एकटीचं नाव वाचलं.
एक शेजारीण विचारून गेली, भांडलात का.
दुसरी तर पाव घेऊन आली."

यादी उघडली. सतरा: रोसामेल. अठरा: एदेल्मिरा.
त्याला काढताच
अख्खी रांग एक पाऊल पुढे सरकली,
एदेल्मिरा सतराव्या घरात आली
आणि माझं बोट तोवर अठरावर.
पुढच्यास ठेच, मागचा सुटला.
यंत्र चुकलं नव्हतं.
चालत्या रांगेतून माणसं उचलत होते मीच,
रांग उभी आहे असं धरून.

आधी नुसतं पुसून पाहिलं.
नाव गेलं, घर राहिलं,
मोजणी तीच, चाळीस,
पडद्यावर मधोमध दात पडलेलं हसू.

मग एलाडिओ काका आठवला.
शिंपल्यांचा दोर तो खालच्या टोकापासून सोडवतो.
का, ते कधी सांगत नाही.

मूळ चाळीस पुन्हा घेतले,
फेरा उलटा केला, एकोणचाळीसपासून शून्याकडे.
सरकायचं त्यांनी खुशाल सरकावं,
तिकडचं माझं बघून झालेलं.
नऊच्या नऊ गेले.

कळवायला फोन लावला, उचलला तिनं.
"काढलंस माझं नाव?"
"काढलं. माफ करा, बाई."
बराच वेळ नुसता वारा,
मागे चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा आवाज.
"परत घाल," एदेल्मिरा म्हणाली.
"त्याचं नको. माझंच.
रेडिओवर ऐकलं तेव्हा
क्षणभर वाटलं, कोण बरं ही?"

घालायला फेरा लागत नाही.
नाव आपसूक शेवटी जाऊन बसतं.
एकतीस क्रमांक,
खिडकीजवळचा.
सोबत कोण, हा रकाना मी कोराच ठेवला.
या वेळी कुठे चूक दाखवली नाही.