टाकी नंबर दोन

फेब्रुवारीत मी घरी जेवत नाही.
जीपमध्ये कात्री, बादली, साखर मोजायची दुर्बीण,
मागच्या सीटवर शेंगाचटणी, कडक भाकरी,
आणि डोक्यात तीन गावांची तीन उन्हं.

तेलसंगला बसगोंडा कोकटनूर बांधावरच थांबलेला असतो.
काळी माती, भेगांत चिमणी बसेल एवढी.
मणी पिळून मी काचेवर थेंब टाकतो, सूर्याकडे धरतो:
निळ्यापांढऱ्याची रेघ चोविसावर.
तो विचारत नाही किती. एक मणी जिभेवर फोडतो,
"इन्ना नाक दिन," म्हणतो, अजून चार दिवस,
आणि चार दिवसांनी रेघ पंचविसाला टेकते.
दुर्बीण मी सोळा हजारांना घेतली.
जीभ त्याला वडिलांकडून आली.

जतला जाताना एक कमान लागते, मग दुसरी.
कमानींवरची अक्षरं बदलतात, बाभळी तशाच.
आक्काताई बंडगर क्रेट मोजून घेतात, मोजून देतात,
एक घड कुजका नाही, एक घड जास्त नाही.
त्यांच्या द्राक्षाची साल जाड,
टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या पोरीसारखी,
हातात आलेलं सहज सोडत नाही.
परतताना नाक्यावरचा पोरगा ताडपत्री उचलतो:
"काय घेऊन येऊलालास?"
"द्राक्षं."
"कुठली?"
मी कागद देतो. कागदाला माझ्यापेक्षा नीट सांगता येतं.

आणि जांबोटी रस्त्याला सुभेदार पाटणेकरांचा अर्धा एकर.
कुणी सांगितलं होतं तिथं द्राक्ष लावायला?
धुकं, माकडं, तांबडी माती, भुरी.
रेघ एकोणिसाच्या वर कधी चढली नाही.
सुभेदारांनी प्रत्येक वेलीला नंबर दिलाय,
स्वतः शेवटच्या वेलीशेजारी उभे, सावधान.
मी खोटं बोलतो, यंदा बरी आहे म्हणून.
आंबट. पण तो आंबटपणा मिसळला नाही
तर बाकीची वाइन बसल्या जागी पेंगते,
हे मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काकतीच्या डोंगराखाली शेड, शेडमध्ये तीन टाक्या.
रजिस्टरला दोन रकाने:
राज्यातला माल, राज्याबाहेरचा माल.
साहेब महिन्यातून एकदा येतात, चहा घेतात, रकाने बघतात.
वाइन कधी चाखत नाहीत.

परवा रात्री दोन नंबर थांबली.
तेलसंगची. सगळ्यात गोड, सगळ्यात लाडाची.
साखर अर्धी शिल्लक, आणि बुडबुडा नाही;
बोलता बोलता माणूस मध्येच गप्प व्हावा तशी.
मी टाकीला वाकळ गुंडाळली,
गरम पाण्याच्या कळश्या टेकवल्या,
पुण्यातल्या एकाला फोन लावला, त्यानं उचलला नाही.
शेजारी एक नंबर, जतची,
झाकण वाजवत नुसती उसळत होती.

पहाटे तीनला मी एक नंबरमधून बादली भरली.
दुंडव्वानं बॅटरी धरली.
ती काही बोलली नाही,
बॅटरीचा उजेड तेवढा एकदा रजिस्टरवरून फिरला.
ओतली. मग दुसरी.
सहा बादल्या. मग लाकडी दांड्यानं
तरंगती सालं खाली दाबत राहिलो,
खांदे भरून येईपर्यंत.

साडेपाचला दुंडव्वानं टाकीला कान लावला.
बराच वेळ.
"माताडाकत्तैति," म्हणाली. बोलायला लागलीय.

आता हे रजिस्टर.
पेनाचं टोपण माझ्या दातात.
बाराशे लिटरमध्ये सहा बादल्या
कुठवर जतच्या होत्या आणि कुठून राहिल्या नाहीत,
ते दुर्बिणीत दिसत नाही.
तारीख लिहिली. वेळ लिहिली.
साहेब वीस तारखेला येतील.

बाहेर दुंडव्वा चूल पेटवते,
पदरानं कान पुसते, पदराचा वास घेते,
पुन्हा पुसते.
"जात नाही की हे," म्हणते,
आणि चहात साखर टाकायची विसरते.