न वाचलेलं

टामालेत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात
संदर्भांचं सॉफ्टवेअर मी शिकवतो, दर बुधवारी,
वीज असली तर.
हरमॅटनची धूळ कीबोर्डवर बसलेली असते,
मुलं फुंकर मारतात, एक बटण दाबतात:
यादी तयार. स्वल्पविराम जागच्या जागी.
तेवढ्यासाठीच येतात बहुतेक.

वुनपिनी त्या दिवशी मागे थांबली.
शिआच्या बिया साठवणीत किती ओल धरतात
हा तिचा विषय. तिची आई
तळहातावर बी घासून सांगते ते, न मोजता.
"दोनशे चौदा नोंदी झाल्यात," ती म्हणाली,
"यातल्या वाचलेल्या किती, हे ते सांगतं का?"
नाही, म्हटलं. ते तुझं तूच.

तिने एक कप्पा उघडला, नाव दिलं: न वाचलेलं.
आणि एकेक नोंद ओढत नेली तिकडे,
कुणी सांगितलं नव्हतं,
कुणाला कळलंही नसतं.
एकशे त्रेपन्न.
मी चष्मा पुसत राहिलो.
माझ्या प्रबंधाच्या मागच्या पानांवर
असे कितीतरी पाहुणे बसलेत
ज्यांना मी दारातही कधी भेटलो नाही.

मग तीन महिने ती एका आकड्याच्या मागे.
सात टक्के ओल, त्यापुढे बुरशी:
सगळेच लिहितात. कुणाच्या हवाल्याने?
ह्याने त्याचं नाव घेतलेलं, त्याने तिसऱ्याचं,
सगळी सांगोवांगी, पण पृष्ठक्रमांकासह.
शेवटी वागादुगूहून आली
एका जुन्या फ्रेंच अहवालाची तिरकी स्कॅन,
कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.
शब्दकोश घेऊन बसली दोन रात्री.
त्यात सात होते.
टक्के नव्हते.
सात पोती तपासली होती, आणि ओलीबद्दल
एकच वाक्य: मोजमाप अपुरं.

डॉ. नापारी म्हणाले, "सगळे सातच लिहितात, पोरी.
आणि जून आलाय जवळ."
ती काही बोलली नाही.
नोंदीखालच्या टिपेच्या चौकोनात लिहिलं:
स्वतः पाहिलं. पोती.
आणि दुसऱ्या प्रकरणातली अकरा पानं उडवली.

तिच्या यादीत आता ऐंशी नावं आहेत,
सगळ्यांशी बोलणं झालेलं.

परवा वीज गेल्यावर
लॅपटॉपच्या उरलेल्या उजेडात
मी माझी जुनी फाइल उघडली.
कप्पा केला. नाव दिलं.
पहिली नोंद ओढायला
बोट बराच वेळ धजेना.