मनगटाचं माप

बांगडी भरायच्या आधी मी हाड चाचपते.
अंगठ्याच्या मुळाशी एक गाठ असते,
ती दाबली की पंजा चिमतो,
मग सव्वादोन असो नाहीतर अडीच,
काच सरकते.

मानवतच्या बाजारात वीस वर्षं हेच.
कापूस वेचून तडकलेले, खडूनं पांढरे पडलेले,
मेंदीचे, नवऱ्यानं मुरगळलेले हात.
हात गुंतला की बाया घरचं सगळं सांगतात,
तेव्हा उठून जाता येत नाही.

हिरव्या बांगड्यांच्या खोक्यात, चुरगळल्या कागदाखाली
माझी पट्टी असायची.
एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी.
अकरा वर्षं.
मग सिस्टर म्हणाल्या, सुई घे, तीन महिने निवांत.
तीन वर्षं सुई.
दर खेपेला एकच सवाल, पाळी कशी येती?
हाडांचं कुणी इचारलं नाही,
मलाही हाडं दुसऱ्यांचीच ठावकी.

परवा कुशावर्ताच्या सुनेला भरताना
ओठांभोवती मुंग्या आल्या,
आणि माझीच बोटं जवळ आली,
अंगठा आत, पंजा टोकदार,
हुबेहूब तसा
जसा मी गिऱ्हाइकाला करायला लावते.
फक्त भरणारं समोर कुणी नव्हतं.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला.
कॅल्शियम सात पॉइंट एक.
गोळ्यांनी का, मी म्हटलं.
खरं बोलायच्या आधी माणूस थांबतं
तशा त्या थांबल्या.
सुईनं हाडं थोडी विरळ होतात,
सोडली की बहुतेक भरून येतात.
गोळीचं ठाम सांगता येत नाही.
आणि रक्तातलं वेगळं, हाडातलं वेगळं,
दोन खाती आहेत, मेहरुन.
ऊन किती घेता? दूध?
मी हसले.
ऊन ताडपत्रीवर पडतं, दूध चहात.

सोडू का सगळं, हे मी इचारलंच नाही.
चौथ्याचं नाव घरच्यांनी ठरवून ठेवलंय.

त्या दिवशी कुशावर्ताच्या सुनेनं
माझा आखडलेला पंजा मांडीवर घेतला होता,
एकेक बोट उघडत
अंगठ्याच्या मुळाशी चोळत बसली होती.
वीस वर्षांत पहिल्यांदा
हात माझा होता.

पुढच्या बाजारी परत आली.
कानाशी वाकून, मावशी, ती पट्टी कुठं मिळती?
दोन्ही सांगितलं तिला,
मिळायची जागा, आणि बाकीचं,
जेवढं मला कळलं तेवढं.

डझनाचे मात्र
पाच रुपये कमीच देऊन गेली.