वाक्य पूर्ण

पूर्वी आमच्याकडे आधी खिडकी, मग केसपेपर,
मग "सुट्टे नाहीत का हो?",
मग बाक, मग डॉक्टर, मग औषध.
दम लागलेलं लेकरूही त्याच रांगेत,
पुढे हात मोडलेला, मागे कुत्रं चावलेला.

मी एक वही घातली. दोनशेपानी.
डावीकडे दारातून आत आल्याची वेळ,
उजवीकडे पहिली वाफ.
पहिल्या ओळीत एक्केचाळीस मिनिटं.
खाली छप्पन्न.
एका ओळीची उजवी बाजू कोरीच आहे.
ती ओळ मी मोठ्यानं वाचत नाही.
मीटिंगमध्ये फक्त वही उघडी ठेवली,
चहा येईपर्यंत.

आता दारातल्या म्हमाणेमामांनाही कळतं.
सदरा वर करून बघतात,
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का.
विचारतात, "नाव काय बाळा?"
अख्खं नाव एका दमात आलं तर बाक.
अडकलं, तर थेट आत. कागद मागाहून.

काल रात्री दोन वाजून चार.
विडी घरकुलातून रिक्षा.
भूदेवी चिप्पा, बोटांना तंबाखूचा वास,
कडेवर सात वर्षांची अखिला.
नाव विचारलं तर नुसतं "अ..."
बाप लूमवरून तसाच आलेला,
भुवयांवर कापसाचं तूस.

ऑक्सिजन. मास्क. वाफ.
दोन वाजून नऊ.
वीस मिनिटांनी परत.
मग छातीतली शिट्टी एकाएकी थांबली
आणि आई हसली,
"कमी आलं की ओ सिस्टर!"

मी मात्र नेमकी तेव्हाच धावते.
शिट्टी वाट मोकळी झाली म्हणूनही थांबते
आणि वाजायला हवाच उरली नाही म्हणूनही.
हे त्या क्षणी आईला सांगायचं नसतं.
डॉक्टर तांबोळी दोन-दोन पायऱ्या उतरत आले,
हातात सुई, पायात एकच मोजा.
बाप भिंतीला टेकून पुटपुटत राहिला,
माग चालूच ठेवून आलो, माग चालूच.

सकाळी मी तिला पंप देईन,
पंपाला लावायचं नळकांडं देईन,
कसं दाबायचं ते चारदा दाखवेन.
सांगेन, विड्यांचं सूप खोलीबाहेर ठेवा.
खोलीबाहेर म्हणजे नेमकं कुठं,
ते मला माहीत नाही.
भूदेवी मान हलवेल.
तिलाही माहीत नसेल.

तीन वाजून दहा.
मास्कच्या आतून आवाज आला,
"अम्मा, माझी एक चप्पल रिक्षात राहिली."
सहा शब्द. मध्ये एकही थांबा नाही.

वहीत याला रकाना नाही.
समासात लिहिलं, वाक्य पूर्ण.
मामा बॅटरी घेऊन
रिक्षा कुठवर गेली ते बघायला निघाले.