पातळी शून्य

काल्लिओरांताला जानेवारीत नऊनंतर उजाडतं,
तेही उपकार केल्यासारखं.
समुद्र गोठलेला. अणुभट्टीचं कोमट पाणी सोडतात
तिथे मात्र काळ्या पाण्याचा एक डोळा उघडा,
आणि त्यात बदकं, निर्धास्त,
जणू त्यांच्यासाठीच मांडलाय हा सगळा खटाटोप.

मी रायली कोर्तेस्मा. निरीक्षक.
गेटवरचा पोरगा रोज माझं कार्ड उलटसुलट करून बघतो.
अकरा वर्षं झाली. मला ते आवडतं.

माझं काम, जे घडलं नाही त्याचं.
घडलेल्यासाठी बंब आहेत, मंत्री आहेत, टीव्हीवाले आहेत.
न घडलेल्याला कुणी वाली नाही.
त्याला लागते एक बाई, जाड मोजे
आणि खोदून खोदून विचारायची खोड.

चौदा तारखेची गोष्ट.
पंपांच्या खोलीची पहाटे तीनची फेरी.
तक्त्यावर दाब : सहा पॉइंट दोन. खाली सही, वळणदार.
दाराच्या नोंदीत मात्र त्या रात्री
दार उघडलंच नव्हतं.

ओस्मो तुओहिमाला बोलावलं.
कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून तो म्हणाला,
"मी कामाला लागलो तेव्हापासून तो काटा तिथेच आहे.
उद्या बायकोनं विचारलं, चंद्र आहे का जागेवर,
तर काय छपरावर चढू?"
मला हसू आलं. ते मी नोंदवलं नाही.

अहवाल लिहायला बसले.
फेरी झाली नाही. आकडा भरण्यात आला.
अशी वाक्यं, ज्यांतला कर्ता
आत्ताच कुठेतरी उठून गेलाय,
खुर्ची अजून गरम.
हेलसिंकीहून वरिष्ठांनी खाली एक ओळ जोडली :
सुरक्षेवर परिणाम नाही. पातळी शून्य.
शाळेत शून्य म्हणजे काही नाही.
इथे शून्य म्हणजे, या खेपेला काही नाही.

मग जुने तक्ते काढले, त्या कर्त्याचा माग काढत.
एक वर्ष, दोन, पाच.
सह्या बदलत गेल्या, आकडा नाही.
नऊ वर्षांपूर्वीच्या पानावर, तपासणीच्या रकान्यात,
'समाधानकारक'.
अक्षर माझं.

आठवलं. खोलीत परांची बांधलेली, प्लास्टिकचा पडदा,
तबकडी दिसत नव्हती. चारची बस होती.
पडद्याआडून कुणीतरी आकडा ओरडून सांगितला,
मी लिहिला.
कोण होतं ते, आठवत नाही.

खाली गेले. ओस्मोला म्हटलं, टॉर्च घेऊन चल.
जिन्यात तो बोलला नाही, मीही.
दाराची नोंद झाली : दहा बेचाळीस.
तबकडीची काच लख्ख.
पुसणारा न चुकता येत होता, हे मानायला हवं.
काटा सहा पॉइंट दोनवर.
ओस्मोनं पाहिलं माझ्याकडे, सांगितलं होतं ना, अशा नजरेनं.
मी पेनाच्या टोकानं काचेवर टकटक केलं,
दोनदा, शेजारणीच्या दारावर करावं तसं.

काटा थरथरला,
आणि म्हातारा जिना उतरतो तसा
थांबत थांबत खाली निघाला.

"किती?" मी विचारलं.
दिसत होतं मला. पण आकडा त्याच्या तोंडून हवा होता.
ओस्मो वाकला, टॉर्च जवळ धरला,
बराच वेळ बघत राहिला.
"पाच पॉइंट चार." मग, घसा साफ करून,
"ओस्मो तुओहिमानं पाहिलं, असं लिही."

लिहिलं.
वर येऊन नऊ वर्षांपूर्वीच्या पानासाठी
नवा अहवाल उघडला.
पहिला शब्द टाइप केला : मी.
आणि कॉफी आणायला गेले.
खिडकीतून बदकं दिसत होती.
मोजली. सतरा.
पुन्हा मोजली.