वाफ जमेपर्यंत

सातव्यांदा गाडी त्याच वळणावर थांबली आहे.
चार डबे, मागे घोड्यांची एक वॅगन,
आणि खिडकीत तोच हिरव्या टोपीचा माणूस
ज्याला कधीच उशीर होत नाही.

लानब्रिनमायर सोडताना दाब दोनशे वीस.
दगडी पुलाशी एकशे नव्वद.
मग काटा असा उतरतो
जसा महिनाअखेरीस माझ्या खात्यातला आकडा.

सगळं करून पाहिलंय, इद्वल.
रेग्युलेटर पूर्ण उघडला, मग अर्धा.
कटऑफ पंचेचाळीसवर, तिसावर, पुन्हा पंचेचाळीसवर.
ब्लोअर. डँपर. वाळू.
भट्टीचं दार उघडं ठेवून, मग लावून.
संगणकातल्या फायरमनला रजा देऊन
मीच फावडं मारलं, म्हणजे 'आर' हे बटण,
इतक्यांदा, की दुसऱ्या दिवशी डेअरीत
कॅन उचलताना बोट दुखत होतं.
हसू नकोस.

इद्वल प्रोदेरो, वय पंच्याऐंशी,
माखन्लेथच्या शेडमध्ये सहा वर्षं फायरमन,
मग चाळीस वर्षं पोस्टमन, त्याबद्दल तो बोलत नाही.
शेजारच्या दारातून सपातांवरच आला,
काठी टेबलाला टेकवली
आणि पडद्याकडे पाठ करून बसला.

"चित्र नको. आवाज मोठा कर."

गाडी पुन्हा स्टेशनात. आठवी वेळ.
भक्, भक्, भक्, भक्.
त्याचा अंगठा खुर्चीच्या हातावर, ठोक्याला ठोका.

"आग फार जाड करतोस.
हा आपल्या खोऱ्यांतला कोळसा. थोडा थोडा वाढायचा, ताट बघून.
आणि चढावर इंजेक्टर कशाला?
धापा टाकणाऱ्याला कुणी गार पाणी पाजतं?"

पुलाशी त्याचा अंगठा थांबला.
"हे फुसफुसतंय काय?"
"पाऊस. बाहेरचा नाही, खेळातला."
"पाऊस वरून पडतो, गेथिन. हा खालून येतोय.
सिलिंडरच्या तोट्या उघड्या आहेत.
स्टेशनापासून अर्धी वाफ
तू मेंढ्यांवर सांडत आलायस."

मी 'सी' दाबायला गेलो.
'सी' आधीच दबलेलं होतं.
पेपरक्लिपनं बटण उचकटलं:
खाली वाळलेला जॅम, ब्लॅकबेरीचा, आणि एक बी.

म्हणजे लेरी.
दर दुसऱ्या शनिवारी येते.
तिला गाडी चालवायची नसते,
फक्त शिट्टी.
साडेपाचला खाली तिची आई हॉर्न वाजवते,
दोनदा, आखूड.

जॅम पुसला.
बी बशीत ठेवली, का ते माहीत नाही.

नववी वेळ.
फुसफुस गेली, आणि कळलं
की खेळात पाऊस नव्हताच.
तीन आठवडे मी कोरड्या हवेत
काच पुसायचं बटण शोधत होतो.

वळण गेलं.
हिरवी टोपी पहिल्यांदाच
पुलापलीकडची झाडं बघत होती.
एकशे ऐंशी. एकशे साठ.
कड्याच्या कापातून आवाज दुप्पट होऊन परत येत होता,
इद्वलचे दोन्ही अंगठे चालू,
आणि तालेर्दिगच्या माथ्यापासून दोनशे यार्डांवर
चाकं घसरली, एकदा, पुन्हा एकदा,
आणि गाडी उभी.

माझा हात सवयीनं 'पुन्हा सुरू करा'कडे.

"राहू दे," इद्वल म्हणाला.
"आम्हीही इथंच उभे राहायचो.
टेकविन ब्रेक लावून चहाचा डबा काढायचा,
शब्द नाही, शिवी नाही."
"आणि प्रवासी?"
"आधी चिडायचे. मग डबे उघडायचे."

ब्लोअर उघडा. दार बंद. तोट्या बंद, दोनदा पाहिल्या.
एकशे बत्तीस.
केटल लावून आलो.
एकशे छत्तीस.
"किती वेळ लागेल?"
इद्वलनं डोळे मिटले होते.
"तिला विचार," म्हणाला, आणि हनुवटीनं दाखवलं
मागे, न बघताच, बरोब्बर तिथं,
जिथं काटा
एकशे सदतीसवर होता.