पाणसळ

ओझरहून निघालो तेव्हा सात वाजून दहा.
द्राक्षबागांवर धुकं,
शेततळ्यांचे निळे चौकोन अजून झोपेत.
पाच हजार फुटांवर आधी दोन वळणं,
एक डावं, एक उजवं, नुसती बघायला.
हेमांगी गांगुर्डे म्हणते, "मॅडम, रोज कशाला?
इथं कुणीच नसतं."
"म्हसरूळच्या फाट्यावर रस्ता ओलांडताना बघतेस ना
दोन्हीकडं? कुणी नसतानाही?"
ती बघते. एक घार, खूप खाली.

आज आडवा आठ.
"कुठला आठ?"
इंग्रजी, कुशीवर झोपलेला. आपला नव्हे.
आपला ८ एकाच बाजूनं घसरतो, छपरासारखा.

नाक शहराकडं, उजव्या पंखाच्या टोकाला रामशेज.
"नाक वर घे, सावकाश. आता कलायला लाग.
किल्ला समोर येईल तेव्हा
कल सगळ्यात जास्त, वेग सगळ्यात कमी.
तिथं घाई केली की…"
हे वाक्य मी कधीच पुरं करत नाही.

वर गेलो. वाऱ्याचा आवाज विरळ झाला.
काचेच्या वाकड्या नळीतली काळी गोळी
उजवीकडं सरकली.
हेमांगीचा डावा पाय दाबला गेला.
गोळी आणखी उजवीकडं.
तिनं आणखी दाबला, दात आवळून,
आणि इशाऱ्याचा भोंगा करडासारखा
बारीक ओरडायला लागला.

मी मनात दोन आकडे मोजले.
(तिसरा मोजायचा नसतो, एवढंच या नोकरीतलं शहाणपण.)
"माझ्याकडं."
"तुमच्याकडं," ती म्हणाली, आणि हात
भाजल्यासारखे उचलले.
नाक खाली, पंख सपाट, गोळी घरी.
खाली कुणाच्या तरी कांद्याच्या शेतात
एक बाई वर न बघता वाकलेली.

हँगरच्या सावलीत चहा.
ती गप्प. मग बिस्किटाच्या कागदाच्या पाठीवर
नळी काढली, नळीत गोल काढला.
"बाबा गवंडी आहेत," म्हणाली.
"लहानपणी पाणसळ मीच धरायचे.
बुडबुडा उजवीकडं गेला
की डावी बाजू उचलायची. हात आपोआप…"

मी कप खाली ठेवला.
सतरा वर्षं शिकवतेय,
पायांची भीती, हातांचा ताठा, सगळं पाहिलंय.
वडिलांची पाणसळ पायात उतरलेली
आजच पाहिली.

बुडबुडा उंचाकडं पळतो, हेमांगी.
गोळी जड आहे, ती कलेल तिकडं घरंगळते.
म्हणून गोळी जिकडे, पाय तिकडे.
आणि अजून एक. तुझ्या बाबांची जमीन हलत नाही,
आपली 'खाली' आपल्याबरोबर कलते.
वळण नीट जमलं तर अख्खं क्षितिज तिरकं होतं
आणि बाटलीतलं पाणी मात्र
बाटलीत सरळच उभं राहतं.

"म्हणजे तिरकं असून ओळंब्यात?"
हो. साधारण तेच.
(माझ्या पुस्तकात याला तीन पानं आणि दोन सूत्रं लागतात.)

दुसऱ्या दिवशी वारा थोडा पश्चिमेचा.
रामशेज समोर आला, वेग उतरला,
गोळी उजवीकडं निघाली
आणि तिचा उजवा पाय,
घाबरत, एखाद्याच्या अंगणात जावं तसा
पुढं गेला. थांबला. थोडा आणखी.
गोळी मधे.
भोंगा गप्प.
नाक सप्तशृंगीच्या रांगेवर उतरलं,
उंची चाळीस फूट कमी. चालेल.
मी माझे हात मांड्यांवरून उचलले नाहीत.
पाय मात्र पेडलांपासून
एक बोट अंतरावर होते. तसेच राहतील,
ती एकटी जाईल त्या दिवसापर्यंत.

उतरल्यावर तिचा फोन वाजला.
बाबा. स्लॅबवर होते, मागं मिक्सरचा आवाज.
"सरळ उडालीस का?"
"नाही बाबा. तिरकी."
तिकडं मिक्सर बंद झाला.
"पण पाणसळीत," ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ
दुसऱ्याच कशाबद्दल बोलत राहिली, सिमेंटच्या भावाबद्दल वगैरे.

मी वहीत लिहिलं: एक तास दहा मिनिटं.
शेरा: डावी बाजू उद्या.